फोनची पाठ

या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, लोकशाही, अणुविज्ञान अशा भारदस्त विषयांवर अधिकारी माणसे बोलून गेली. आम्ही जेव्हा चिटणिसांना कळवले की, आम्हांला मोबाइलच्या फुटलेल्या पाठीवर बोलायचे आहे, तेव्हा त्यांनी पत्र दोनदा वाचले असावे. ‘विषय जरा व्यापक करता येईल काय?’ असे त्यांनी नम्रपणे विचारले. आम्ही तितक्याच नम्रपणे नकार दिला. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते गेटसभांत, वाचनालयाच्या बाकावर आणि बिघडलेल्या वस्तू उघडून. तेव्हा ज्या विषयाला आमचा हात लागला आहे त्याच विषयावर बोलणे बरे.

गोष्ट अशी घडली. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे काम करणारा एक तरुण संध्याकाळी युनियनच्या कचेरीत आला. फोन पॅन्टच्या मागच्या खिशात ठेवून तो मोटारसायकलवर बसला होता. पाठीच्या काचेची चाळण झाली होती आणि बोटाला कापल्यामुळे त्यावर चिंधी बांधलेली. ‘अण्णा,’ तो म्हणाला, ‘दुकानात चार दिवस फोन ठेवा म्हणतात, वर आतले सगळे पुसले जाईल म्हणतात. चार दिवस माझी हजेरी कोण लावणार?’ त्याची हजेरी त्या फोनवर चेहरा दाखवून लागत असे. पगार जमा झाल्याचा निरोप त्यावर, भविष्यनिर्वाह निधीचा परवलीचा आकडा त्यावर, ई-श्रमची नोंदणीही त्याच क्रमांकावर. ही ई-श्रम नोंदणी केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू केली, तेव्हा आधारला जोडलेला मोबाइल हाताशी नसलेल्या कितीतरी बायाबापड्यांना रांगेतून परत जावे लागलेले आम्ही पाहिले आहे. सुताराचा रंधा, विडीवालीची कात्री, तसाच आज कामगाराचा फोन. हत्यार चार दिवस दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचे म्हणजे काय, हे रोजावर जगणाऱ्याला विचारावे.

आता आमच्या नगर जिल्ह्याकडे पाहा. (२०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले; पण आमच्या तोंडातला ‘नगर’ काही जात नाही.) प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली उभा राहिला आणि पुढे जिल्हाभर धुराडी दिसू लागली. गळीत संपले, उन्हाळा लागला, की कारखान्यात कोणते काम सुरू होते? प्रत्येक पंप, प्रत्येक रोलर, प्रत्येक झडप उघडून, पुसून, झिजलेला भाग बदलून पुन्हा बसवायची. हे काम तिथलेच कामगार करतात. टनावारी वजनाचा रोलर सहज उतरवणारा फिटर आपल्या दोनशे ग्रॅमच्या फोनपुढे मात्र हात जोडून उभा राहतो. असे का व्हावे?

याचे उत्तर गोंदात आहे. २००३ साली आलेल्या नोकिया ११०० ची पाठ अंगठ्याने दाबली की सुटे. सॅमसंगच्या गॅलेक्सी मालिकेत २०१४ सालच्या एस-५ ची पाठ नखाने निघत होती. पुढच्याच वर्षीच्या एस-६ मध्ये ती काचेची झाली आणि गोंदाने पक्की चिकटवली गेली. ॲपलने २०१७ साली आयफोन ८ ला काचेची पाठ दिली. यामागे कारणे नव्हती असे नाही. धातूच्या पाठीतून बिनतारी चार्जिंग होत नाही, काचेतून होते. आणि गोंदामुळे पाणी व धूळ आत शिरत नाही. पण त्या गोंदाने आणखी एक गोष्ट साधली: मालकाला आपलीच वस्तू उघडायची भीती वाटू लागली. ही भीती पाणी अडवण्यासाठी लागत नव्हती, ती फुकटात मिळाली.

इतर देशांत या गोष्टीचा विचार सुरू झाला आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे, नव्याने बाजारात येणाऱ्या फोनचे महत्त्वाचे सुटे भाग त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही ७ वर्षे मिळाले पाहिजेत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही तिची क्षेत्रे. त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी एक संकेतस्थळही निघाले. समिती नेमली म्हणजे हक्क मिळाला असे होत नाही, हे युनियनवाल्याला कोणी शिकवायला नको. पण आपल्या फोनला हात घालायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

मात्र हात घालण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. फोन हमीच्या मुदतीत असेल तर उघडू नये. पाठ पडून फुटलेली नसून आपोआप वर उचलली गेली असेल, तर आतली बॅटरी फुगली आहे असे समजावे. असा फोन दाबू नये, चार्ज करू नये, जाणत्या कारागिराकडे न्यावा. तिसरी गोष्ट आयफोनवाल्यांसाठी: आयफोन ८ पासून १३ पर्यंतच्या फोनांची काच मागच्या सांगाड्याला इतकी घट्ट बसवलेली आहे की, ती घरी सुटत नाही. तिथे हौस करू नये.

नवे पॅनेल मागवताना फोनचे नुसते नाव सांगून भागत नाही. एकाच नावाच्या दोन फोनांची कॅमेऱ्याची भोके निराळी असतात. सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ या सदरात जो मॉडेल क्रमांक असतो तो अक्षरशः उतरवून घ्यावा. कॅमेऱ्याची भिंगे नव्या पॅनेलवर बसवलेली येतात की जुन्यावरून काढून लावायची, तेही आधी विचारावे. दुकानदार ‘फर्स्ट कॉपी’ म्हणाला, तर माल मूळ कंपनीचा नाही एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

कामाला बसताना फोनमधले फोटो व कागद दुसरीकडे उतरवून ठेवावेत. पाठ बदलताना ते जात नाहीत, पण सावधपणात पैसे पडत नाहीत. बॅटरी पाव भागाच्या खाली उतरू द्यावी, म्हणजे चुकून धक्का लागला तरी आगीचा धोका कमी राहतो. फोन पूर्ण बंद करावा. सिमचा खण आधी बाहेर काढावा, कारण काही फोनांत पाठ त्यातच अडकते. जवळ कोरड्या वाळूचे घमेले ठेवावे. लोक यावर हसतात; लिथियमची बॅटरी पेटलेली एकदा पाहिली की हसत नाहीत. फुटलेल्या काचेवर पॅकिंगची चिकटपट्टी आडवीउभी लावावी आणि डोळ्यांवर चश्मा चढवावा. त्या काचेचा चुरा डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्यात जातो.

प्लास्टिकची पाठ पुष्कळदा नुसत्या खाचांवर बसलेली असते. कडेला नख किंवा जुने प्लास्टिकचे कार्ड घालून फिरवले की टकटक करीत सुटते. काचेला ऊब द्यावी लागते. केस वाळवण्याचे यंत्र घेऊन कडांवरून दोनेक मिनिटे फिरवावे. एका जागी धरू नये आणि मध्यभागी तर नाहीच, कारण तिथे खाली बॅटरी आहे. पाठ हाताला चांगली गरम लागली, पण बोट ठेवता येते, एवढे पुरे. मग रबरी वाटी चिकटवून हळू ओढावे. काचेचे फार तुकडे झाले असतील तर वाटी धरत नाही, तिथे कडेनेच शिरावे. केसाएवढी फट पडली की पातळ प्लास्टिकची पट्टी आत सरकवून कडेकडेने गोंद कापत जावे. गोंद थंड झाला की पुन्हा ऊब द्यावी. लोखंडी सुरी वा पातळ पाते हाती घेऊ नये. पट्टी तीनचार मिलिमीटरपेक्षा खोल घालू नये.

ही खोलीची गोष्ट आम्ही पदरचे पैसे मोजून शिकलो. त्या तरुणाच्या फोनला बोटाचा ठसा ओळखणारी कळ पाठीवरच होती आणि तिथून रिबनसारखी चपटी तार आतल्या मंडलाला गेलेली. तीन बाजू सुटल्या तेव्हा आम्हांला चेव चढला. आम्ही पाठ पुस्तकाच्या मुखपृष्ठासारखी झटकन उलटली आणि तार तुटली. आवाजसुद्धा झाला नाही. तो पोरगा काही बोलला नाही, हेच अधिक लागले. ती तार आमच्या खर्चाने मागवली आणि तेवढे दिवस तो बोटाऐवजी आकडे दाबून फोन उघडत राहिला. तेव्हापासून आम्ही पाठ चार बोटे उचलून आधी बॅटरीचा उजेड आत टाकतो, तार कुठे आहे ते पाहतो, आणि तिचे टोक प्लास्टिकच्या पट्टीने अलगद वर उचलून सोडवतो.

उरलेला गोंद खरवडण्याचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे. आयसोप्रोपिल अल्कोहोल, दुकानात ज्याला आयपीए म्हणतात, ते कापसावर घेऊन चौकटीची कड पुसत राहावे. जुन्या गोंदाचा एक कण जरी राहिला तरी नवी पाठ तिथे वर राहते. मग तार जोडावी, आणि चिकटवण्यापूर्वी फोन एकदा चालू करून कॅमेरा, कळ, आवाज, सगळे पाहून घ्यावे. हे नंतर पाहणारे आम्ही बरेच भेटलो. पुन्हा बंद करून, तयार कापलेली चिकटपट्टी मिळाली तर ती, नाही तर बी-७००० नावाचा गोंद अगदी बारीक रेघेने कडेला द्यावा; जास्त झाला तर तो कळांत आणि ध्वनिक्षेपकात उतरतो. एक कबुली दिली पाहिजे: कारखान्यात झाला होता तसा पाणरोधक बंद घरी होत नाही. अशा फोनला पुढे पावसात जपावे.

तो फोन आम्ही कचेरीत पावतीपुस्तकांच्या गठ्ठ्याखाली, रबरबँड लावून रात्रभर ठेवला. पोरगा पहाटे पाचला दारात हजर. सातची पाळी होती. कड अजून थोडी ओलसर वाटत होती म्हणून रबरबँड काढू नको असे बजावले. त्याने तशाच बांधलेल्या फोनपुढे चेहरा धरला, हजेरी लागते की नाही ते तिथेच करून पाहिले, आणि या वेळी फोन वरच्या खिशात घालून मोटारसायकलला किक मारली.