वाहक पट्ट्याचा योग्य ताण

वाहक पट्टा घसरू लागला की तो अधिक ताणावा, हा कारखान्यांतील सर्वसाधारण उपाय होय. वरकरणी तो बिनचूक भासतो. परंतु ‘ताण’ या एकाच शब्दाने येथे निरनिराळ्या राशींचा निर्देश होत असल्यामुळे त्यात घोटाळा संभवतो. त्या वेगळ्या केल्या की योग्य ताण कशास म्हणावे हे स्पष्ट होते.

पुढील टोकास चालक पुली असलेल्या वाहकात ताण सर्वत्र सारखा नसतो. माल घेऊन पुलीकडे येणारी ती घट्ट बाजू आणि पुलीवरून सुटून परतणारी ती सैल बाजू. दोन्ही बाजूंच्या ताणांतील वजाबाकीस ‘ओढ’ म्हणणे सोयीचे आहे; माल पुढे जातो तो या ओढीने. ती किती लागेल हे मालाचे वजन, चढ आणि रुळांचे घर्षण यांवरून ठरते. ताणयंत्र ओढ निर्माण करीत नाही. ते ठरविते तो केवळ सैल बाजूचा ताण.

हा ताण तरी कशासाठी? पुलीची पकड घर्षणामुळे मिळते आणि घर्षणास दाब लागतो, म्हणून. ऑयलर व आयटेलवाइन यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या सूत्रानुसार घट्ट व सैल बाजूंच्या ताणांचे गुणोत्तर एका मर्यादेपलीकडे गेले की पट्टा घसरतो. ही मर्यादा घर्षणांक आणि पुलीभोवतीचा वेढा या दोहोंवरच अवलंबून असते. पट्ट्याच्या रुंदीवर नव्हे.

समजा, ओढ १,००० किलोग्रॅम आहे. पुलीवर रबरी आवरण असून घर्षणांक ०.३५ व वेढा १८० अंशांचा असेल, तर गुणोत्तर ३ येते. म्हणजे सैल बाजूस ५०० व घट्ट बाजूस १,५०० किलोग्रॅम ताण पुरतो. आवरण झिजून घर्षणांक ०.२५ वर आला, तर हेच आकडे सुमारे ८४० व १,८४० होतात. उलट आवरण नीट राखून साहाय्यक पुलीने वेढा २१० अंशांचा केला, तर सुमारे ३८५ व १,३८५ पुरतात. काम तेच, माल तोच. पट्ट्यावरील बोजा मात्र निराळा. यास्तव पट्टा घसरल्यास प्रथम पुलीवरील ओल, चिखल व आवरणाची झीज पाहावी, नंतर वेढा, आणि ताण सर्वांत शेवटी. भरलेला पट्टा सुरू करताना ओढ अधिक लागते, म्हणून हिशेब त्या क्षणाचा करावा.

दुसरी अट झोळाची आहे. दोन रुळांमध्ये पट्टा फार लोंबला तर माल सांडतो. रुळांतील अंतराच्या शेकडा २ इतका झोळ ही रूढ मर्यादा होय. अंतर १.२ मीटर आणि पट्टा व माल मिळून दर मीटरला ५० किलोग्रॅम असल्यास, झोळ २४ मिलिमीटरांच्या आत राहण्यासाठी मालवाहू बाजूस कोठेही ३७५ किलोग्रॅमांहून कमी ताण चालणार नाही. घसरण आणि झोळ यांपैकी जी अट अधिक ताण मागेल ती प्रमाण मानावी. त्याहून अधिक ताण व्यर्थ होय.

लहान वाहकांवर ताण स्क्रूने देतात. पट्टा वापराने लांबला की तो पुन्हा आवळावा लागतो. लांब वाहकांवर सैल बाजूस वजन टांगतात, त्यामुळे पट्टा लांबला तरी ताण कायम राहतो. वजनाच्या पुलीस पट्ट्याचे दोन पदर तोलतात. म्हणून ५०० किलोग्रॅम ताणासाठी पुलीसह १,००० किलोग्रॅम वजन लागते. हा दुपटीचा हिशेब चुकल्यास ताण निम्माच मिळतो.

अतिताणाने सांधे उकलतात व बेअरिंगे झिजतात. न्यून ताणाने पट्टा थबकतो, पुली मात्र फिरतच राहते आणि रबर तापते. घर्षणाची ही उष्णता किती घातक ठरते याचे उदाहरण अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियाच्या अ‍ॅराकोमा कोळसा खाणीत १९ जानेवारी २००६ रोजी दिसले. तेथे पट्टा मार्गावरून सरकून ताणयंत्रापाशी घासला गेला, आग लागली आणि २ खाणकामगार मृत्यू पावले. पट्टा न घसरता, न लोंबता चालेल असा किमान ताण, तोच योग्य ताण. आणि तो हाताच्या अंदाजाने नव्हे, गणिताने ठरवावयाचा असतो.