मत्स्यालयातील वाळू कशी बदलावी?

काचेच्या पेटीतील मासे निरोगी दिसत असता तळाची जुनी वाळू काढून स्वच्छ वाळू घातली, आणि दोन-चार दिवसांत मासे एकामागून एक मरू लागले, असा प्रकार पुष्कळदा घडतो. नवी वाळू विषारी असते असे नव्हे; जुन्या वाळूबरोबर एक अदृश्य वसाहत बाहेर फेकली गेलेली असते, हे त्याचे खरे कारण होय.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया पाण्यात सोडीत असतो. उरलेले खाद्य कुजूनही तोच पदार्थ निर्माण होतो. वाळूच्या कणांवर व गाळणीत चिकटून राहणारे काही जीवाणू या अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात. पहिले दोन पदार्थ माशांना घातक असून तिसरा त्या मानाने निरुपद्रवी आहे. या जीवाणूंचे कार्य सेर्गेई विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास उलगडून दाखविले. हे दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा जीवाणूही असतो, ही गोष्ट मात्र २०१५ मध्ये प्रकाशात आली.

इतर कित्येक जीवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात; यांस मात्र अर्धा दिवस, एक दिवस, क्वचित त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणूनच नवे मत्स्यालय स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात, आणि सर्व वाळू एकदम काढणे म्हणजे मुरलेले मत्स्यालय पुन्हा नवे करणे होय.

यासाठी तळाचे मनाने चार भाग पाडावेत व तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने एकेक भाग बदलावा. नवी वाळू पाणी निवळ येईपर्यंत आधी धुऊन ठेवावी. जुनी वाळू हाताने न ढवळता रबरी नळीच्या वक्रनलिकेने पाण्यासह ओढून घ्यावी. कारण खोल थरात प्राणवायूवाचून कुजलेला गाळ असतो, व तो उसळल्यास सडक्या अंड्यांसारखा वास येणारा विषारी हायड्रोजन सल्फाइड पाण्यात मिसळतो. काढलेल्या वाळूपैकी मूठभर विरळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून पेटीतच ठेवावी, म्हणजे जीवाणूंचे बियाणे शिल्लक राहते. या काळात गाळणी अखंड चालू ठेवावी. ती धुणे भागच पडले तर पेटीतून काढलेल्या पाण्यातच धुवावी. खाद्य निम्मे करावे, आणि अमोनिया व नायट्राइट यांची परीक्षा दर दोन दिवसांनी घ्यावी. यांपैकी काहीही आढळल्यास थोडे पाणी बदलावे व पुढचा भाग लांबणीवर टाकावा.

दिल्ली व तिच्या आसपासच्या प्रदेशात आणखी काही गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. येथे बांधकामासाठी ‘बदरपूर’ या नावाने विकली जाणारी जाड वाळू अरवलीच्या गारगोटीजातीय खडकाचा चुरा असते. तिच्या धारदार कडांनी तळाशी चरणाऱ्या माशांच्या मिशा दुखावतात. म्हणून गोलसर कणांची वाळू निवडावी. वाळूवर लिंबाचा रस पिळता बुडबुडे आले तर तीत चुना आहे असे समजावे. चुन्याने पाणी अधिक अल्कधर्मी होते, आणि अशा पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो. २५ अंश सेल्सियस तपमानास सामू ७ असता एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्का, तर ८ असता सुमारे पाच टक्के भाग घातक रूपात असतो.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन जीवाणूंनाही मारतो. तो उघड्या भांड्यात रात्रभर ठेवल्याने बराचसा उडून जातो. परंतु अमोनियाशी संयोग होऊन बनलेला क्लोरामिन तसा जात नाही. यमुनेच्या पाण्यात अमोनिया वाढला म्हणजे वजिराबाद व चंद्रावल येथील जलशुद्धीकरण केंद्रांना पुरवठा कमी करावा लागतो, हे दिल्लीकरांच्या परिचयाचे आहे. अशा दिवसांत वाळू बदलण्याचे काम टाळणेच बरे. कडक उन्हाळाही अयोग्य. कारण २५ अंशांस लिटरभर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३५ अंशांस ७ मिलिग्रॅमच. फेब्रुवारी-मार्च किंवा ऑक्टोबर हे महिने सोयीचे होत.

जो पदार्थ नगराच्या पाणीपुरवठ्यास अडवितो, तोच या लहानशा पेटीतील माशांचे प्राण घेतो. आणि नदीत काय, पेटीत काय, त्याचा निचरा करणारे जीवाणू एकाच जातकुळीचे आहेत. पेटीतील वाळू केवळ शोभेसाठी नसून ती त्यांचे घर आहे. घर बदलावयाचे, तर रहिवाशांना स्थलांतरास अवधी दिला पाहिजे.