तासांचा हिशेब आणि माणसावरची नजर

शुक्रवारी दुपारी चारनंतर हिंजवडीतल्या किंवा ऐरोलीतल्या आयटी कंपन्यांमध्ये एक काम हमखास चालू असतं: टाइमशीट भरणं. सोमवार ते शुक्रवार पाच रकाने, प्रत्येकात आठ. बुधवारी रात्री दोनपर्यंत जागून रिलीज पार पाडलेलं असतं, पण त्या प्रोजेक्ट कोडवर दिवसाला आठाहून जास्त तास टाकायची सोय नसते, किंवा ‘क्लायंटला आठच बिल करायचेत’ असं लीडने आधीच बजावलेलं असतं. मंगळवारी सर्व्हर बसला म्हणून अर्धा दिवस वाया गेला, त्याचेही आठच. शीटवर पाचही दिवस सारखे दिसतात आणि त्यांतला एकही खरा नसतो.

यावर उतारा म्हणून टाइम ट्रॅकिंग सॉफ्टवेअर आणायचं ठरतं. लॅपटॉपवर बसणारं, काम सुरू झालं की तास मोजायला लागणारं. ते येणार म्हटल्यावर ऑफिसात दोन तट पडतात. मालकाला वाटतं, आता सगळं कळेल. काम करणाऱ्यांना वाटतं, आता डोक्यावर कॅमेरा बसला. दोन्हीकडच्या बोलण्यात अनुभव थोडा आणि ऐकीव माहिती जास्त असते. माझ्या मते मूळ घोटाळा एकच आहे. कामाचे तास नोंदवणं वेगळं आणि काम करणाऱ्यावर पाळत ठेवणं वेगळं. सॉफ्टवेअर विकणारे ही दोन्ही एकाच पाकिटात घालून विकतात, आणि घेणारेही ती वेगळी करून बघत नाहीत.

‘हे लॉकडाऊननंतरचं खूळ आहे’

२०२० नंतर घरून काम वाढलं आणि या सॉफ्टवेअरची मागणीही वाढली, एवढं खरं. बाकी गोष्ट जुनी आहे. अमेरिकेतल्या ऑबर्न गावच्या विलार्ड बंडी या जवाहिऱ्याने १८८८ च्या सुमारास हजेरीचं घड्याळ बनवलं. हा धंदा पुढे ज्या कंपन्यांमध्ये मिसळत गेला त्यांच्यातून १९११ मध्ये एक मोठी कंपनी उभी राहिली आणि १९२४ मध्ये तिचं नाव आयबीएम झालं.

आपल्याकडे हा प्रश्न घड्याळाआधीच उभा राहिला होता. मुंबईच्या गिरण्यांत उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. गिरणीतल्या पुरुष कामगाराच्या दिवसाला १९११ च्या कायद्याने बारा तासांची मर्यादा घातली. ती १९२२ मध्ये अकरावर आली, १९३४ मध्ये दहावर आणि १९४६ च्या दुरुस्तीने दिवसाला नऊ व आठवड्याला ४८ तासांवर; १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने तीच कायम ठेवली. या टप्प्यांमागे कामगारांचा झगडा आहे. तासांना मर्यादा हवी तर तास मोजावे लागतात, हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं.

‘वेळ मोजणं म्हणजे अविश्वास दाखवणं’

हा गैरसमज सुशिक्षित नोकरदारांत जास्त आहे. ‘आम्ही काय मस्टरवर अंगठा उठवणारे आहोत का?’ असं म्हणताना ते हातातलं एक हत्यार टाकून देत असतात.

१४ मे २०१९ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने एक निकाल दिला. स्पेनमधल्या कामगार संघटनेने एका मोठ्या बँकेवर दावा लावला होता. संघटनेचं म्हणणं असं की, रोजच्या तासांची नोंदच नसेल तर ओव्हरटाइम झाला हे कामगाराने सिद्ध कसं करायचं? न्यायालयाने ते मान्य केलं. प्रत्येक कामगाराचे रोजचे तास मोजणारी वस्तुनिष्ठ, विश्वासार्ह आणि सहज पाहता येईल अशी व्यवस्था मालकाकडे असलीच पाहिजे, असा तो निकाल आहे. म्हणजे तिथे तासांची नोंद मागत कामगार कोर्टात गेले.

महाराष्ट्रात हे तितकंच लागू पडतं. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने मोबदला अशी तरतूद झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा दहा तासांवर न्यायचा निर्णय घेतला. व्यवस्थापकीय पदं या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, आणि पदनामात ‘मॅनेजर’ लागलेली पण हाताखाली एकही माणूस नसलेली मंडळी आपल्या ओळखीत किती आहेत ते आठवून बघा. बाकीच्यांचा दुप्पट मोबदला कायद्यात आहे, पण तो मागायचा कशाच्या जोरावर? पाच रकान्यांतल्या पाच आठांच्या?

पुण्यात २०२४ मध्ये एका तरुण हिशेबतपासनीस मुलीचा मृत्यू झाला. कामाच्या ताणाने ती गेली, असं तिच्या आईने कंपनीला पत्र लिहून सांगितलं आणि देशभर चर्चा उसळली. कामगार खात्याचे अधिकारी त्या कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयात गेले, तेव्हा २००७ पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच झालेली नव्हती, असं समोर आलं. आस्थापनाच नोंदलेली नसेल तर तिथल्या माणसांच्या तासांबद्दल कोण कोणाला जाब विचारणार?

जुलै २०२५ मध्ये इन्फोसिसबद्दल एक बातमी आली. घरून काम करणाऱ्यांचे तास कंपनी बघते आणि दिवसाची सरासरी सव्वानऊ तासांच्या वर गेली तर तब्येत सांभाळा, विश्रांती घ्या अशी मेल पाठवते. तासांची नोंद अशीही वापरता येते. नुसत्या मेलने कामाचा बोजा हलका होत नाही, हेही खरं. त्यासाठी माणसं वाढवावी लागतात.

‘लहान ऑफिसला याचा काय उपयोग?’

मला तर सर्वांत निखळ फायदा इथेच दिसतो. समजा चार-पाच जणांचं एक सीए ऑफिस आहे. एका व्यापाऱ्याचं वर्षाचं काम चाळीस हजारांना घेतलं, साठ तास लागतील अशा हिशेबाने. तो दर महिन्याला पिशवीभर बिलं आणून ओततो. ती लावणं, हरवलेल्या बिलांसाठी फोन करणं, जीएसटीचं रिटर्न शेवटच्या दिवशी भरणं, यात वर्षअखेरीस एकशे दहा तास गेलेले असतात. नोंद नसेल तर हा व्यापारी ‘जुना, चांगला क्लायंट’ राहतो, आणि त्याच्यापायी रात्री थांबणारी, सीएचं प्रशिक्षण घेणारी आर्टिकलची पोरं ‘स्लो’ ठरतात. नोंद असेल तर पुढच्या वर्षी फी वाढवता येते किंवा बिलं लावून आणा असं ठणकावून सांगता येतं. इथे कोणत्या कामाला किती वेळ गेला एवढंच लागतं. कोणी किती वेळा माउस हलवला याचा इथे काडीचा संबंध नाही.

‘यंत्र खोटं बोलत नाही’

इथे जरा थांबून यंत्र मोजतं काय ते बघू. यातल्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये दिवसाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडतात. एका तुकड्यात सहाशे सेकंद. त्यांतल्या किती सेकंदांत कीबोर्ड किंवा माउस हलला, त्याची टक्केवारी म्हणजे ‘अ‍ॅक्टिव्हिटी’. तीनशे सेकंदांत हालचाल झाली तर पन्नास टक्के. सोबत अधूनमधून स्क्रीनशॉट. ठरावीक मिनिटं हालचाल नसेल तर ‘आयडल’.

आता एक मुलगी घ्या, जिला कोडमधली अवघड चूक शोधायची आहे. ती वीस मिनिटं स्क्रीनकडे बघत बसते, वहीत दोन चौकोन आणि एक बाण काढते, मग तीन ओळी बदलते आणि चूक सापडते. यंत्राच्या लेखी ती वीस मिनिटं रिकामी. शेजारचा एकच मजकूर इकडून तिकडे चिकटवत बसलेला असतो, त्याचा आकडा नव्वदच्या घरात. क्लायंटशी फोनवर बोलणं, नव्या मुलाला शिकवणं, छापील करार वाचणं, यांत बोटांची हालचाल होत नाही म्हणून त्यांची किंमत शून्य. यंत्र खोटं बोललेलं नाही. त्याने बोटं मोजली, आणि वाचणाऱ्याने तो आकडा कामाचा समजला.

फ्रान्समध्ये डिसेंबर २०२४ मध्ये माहिती संरक्षण यंत्रणेने एका स्थावर मालमत्ता कंपनीला चाळीस हजार युरोंचा दंड केला, तो नेमका यासाठी. तीन ते पंधरा मिनिटं कीबोर्ड-माउस शांत राहिला की ती वेळ ‘निष्क्रिय’ धरायची आणि कारण देता आलं नाही तर पगारातून कापायची, अशी तिथली रीत होती. वर नियमित स्क्रीनशॉटही. बैठक आणि फोन हेही कामच आहे, हे त्या कंपनीला दंड भरून शिकावं लागलं.

बोटं मोजली जातात म्हटल्यावर माणसं बोटांची सोय करतात. माउस आपोआप हलवत ठेवणारी यंत्रं ऑनलाइन सहज मिळतात. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने डझनाहून जास्त कर्मचाऱ्यांना कीबोर्डची खोटी हालचाल दाखवल्याबद्दल काढलं. आपल्याकडे रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून अ‍ॅपवरून दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी सक्तीची केली गेली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रालयानेच परिपत्रक काढून कबूल केलं की, भलतेच फोटो, फोटोवरून काढलेले फोटो हजेरी म्हणून चढवले जात आहेत. ज्यांना लबाडी करायची होती त्यांना वाट सापडली. जिथे नेटवर्क नाही तिथे दिवसभर माती उपसलेल्या बाईची हजेरी मात्र बुडाली, आणि हजेरीबरोबर मजुरीही. याचा मला मनस्वी राग येतो. यंत्राच्या चुकीची किंमत सर्वांत कमी कमावणाऱ्याने का मोजायची?

तरीही यंत्राचा पुरावा टाकाऊ असतो, असं कोणी समजू नये. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात घरून काम करणाऱ्या एका हिशेबनीस बाईंनी आपल्याला अन्यायाने काढलं म्हणून दावा केला. कंपनीने ट्रॅकरच्या नोंदी पुढे केल्या: टाइमशीटवर पन्नासच्या वर तास कामाचे दाखवलेले, पण ट्रॅकरमध्ये ते काम दिसत नव्हतं. बाई म्हणाल्या, मी प्रिंट काढून कागदावर काम केलं. प्रिंटिंगच्या नोंदी त्याला जुळेनात. जानेवारी २०२३ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला आणि बाईंनाच सुमारे २,६०० डॉलर भरावे लागले. यात तक्रारदाराचं म्हणणं विचारलं गेलं आणि दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहिलं गेलं, हे महत्त्वाचं.

नाशिक-कोल्हापुरात घरी बसून परदेशी क्लायंटची कामं करणाऱ्या फ्रीलान्सरांनाही हे ठाऊक असतं. अपवर्क या फ्रीलान्स कामांच्या संकेतस्थळावर तासाच्या दराने काम घेतलं तर पैशांची हमी मिळते ती ट्रॅकरने नोंदवलेल्या तासांचीच. स्क्रीनशॉट नकोसे वाटतात, पण क्लायंटने हात वर केले तर तेच कामी येतात. इथे ट्रॅकर चालू कधी करायचा हे काम करणाऱ्याच्या हातात असतं, आणि नको तो स्क्रीनशॉट त्याला काढूनही टाकता येतो. त्या तुकड्याचे पैसे तेवढे सोडावे लागतात.

‘नजर असली की काम वाढतं’

हार्वर्डचे ईथन बर्नस्टीन यांनी दक्षिण चीनमधल्या एका मोबाइल कारखान्यात प्रयोग केला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कारखान्याची रचनाच अशी की, साहेबाला प्रत्येक लाइन दिसावी. कामगारांनी काम लवकर उरकायच्या स्वतःच्या युक्त्या शोधल्या होत्या, पण कोणी बघत असलं की ते मुकाट नियमाप्रमाणे करत, कारण वेगळं काही केलं तर समजावत बसायला लागे. मग काही लाइनींभोवती पडदे लावले. त्या लाइनींचं उत्पादन दहा ते पंधरा टक्क्यांनी वाढलं. इलेक्ट्रॉनिक पाळतीवरच्या ९४ नमुन्यांचा एकत्रित अभ्यासही नंतर झाला. पाळतीमुळे काम सुधारतं याला त्यात आधार मिळाला नाही. ताण वाढतो याला मिळाला.

‘आता डेटाचा कायदा आलाय, काळजी नको’

२०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा कर्मचाऱ्याला वाटतो तेवढा त्याच्या मदतीला येत नाही. कलम ७ मध्ये रोजगाराच्या कारणासाठी आणि मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी संमतीशिवाय माहिती हाताळायची मुभा आहे. आपली कोणती माहिती जमा केली ते दाखवा, असं मागायचा कलम ११ मधला हक्क संमतीने दिलेल्या माहितीपुरता आहे. म्हणजे ज्या नोंदीवरून तुमचा पगार कापला जाईल, तीच बघायचा हक्क या कायद्याने पक्का मिळत नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यांत अठरा महिन्यांची मुदत आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये सांगितलं, तेव्हा हक्कावर बंधन घालताना ते गरजेपुरतंच असावं हेही सांगितलं. ही कसोटी आपण होऊन पाळायला कोणत्याही कंपनीला आज आडकाठी नाही.

तोवर ऑफिसात ट्रॅकर येत असेल तर पहिल्याच बैठकीत विचारायच्या गोष्टी आहेत. तास मोजणार की स्क्रीनही? जेवणाच्या सुट्टीत आणि सातनंतर ते खरोखर बंद होतं का? नोंदी किती महिने ठेवणार आणि त्या कोण कोण बघणार? माझ्या मते सगळ्यांत आधी विचारायचं ते रेग्युलराइज करण्याबद्दल. पंच चुकला की आपण अर्ज टाकतो, मॅनेजर तो मंजूर करतो, हे सवयीचं आहे. मॅनेजरने आपले तास बदलले तर आपल्याला मेल येते का, आणि त्यावर हरकत नोंदवायला जागा कुठे आहे, हे एचआरकडून लेखी घ्या.