माहूर-किनवटच्या जुन्या शाळा : ऐकीव आणि खरे

‘निजामाच्या राज्यात मराठी शाळाच नव्हत्या’ हे वाक्य मराठवाड्यात इतक्या वेळा ऐकू येते, की कुणी ते तपासायला जात नाही. ते अर्धेच खरे आहे. प्राथमिक वर्गांत मराठी शिकता येई. घोडे पेंड खाई ते पुढे. सरकारी माध्यमिक शाळांत उर्दू, आणि १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर विज्ञान, कायदासुद्धा उर्दूतून. खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी हवी. त्यामुळे शाळा चालवणे हेच राजकारण होऊन बसले. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि मग अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा सांभाळणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले, ते उगाच नाही.

दुसरा घोळ नकाशाचा. माहूरचा शैक्षणिक इतिहास लोक नांदेडच्या कागदांत शोधतात. पण १९५६ पर्यंत किनवट तालुका, आणि त्यातले माहूर, आदिलाबाद जिल्ह्यात होते. नांदेडला ते राज्य पुनर्रचनेत जोडले गेले.

नकाशा दुरुस्त केला की तिसरा गैरसमज आपोआप उघडा पडतो. आदिवासी मुलांसाठी वेगळी शाळा ही स्वातंत्र्यानंतरची कल्पना, असे सर्रास मानले जाते. पण याच आदिलाबाद जिल्ह्यात निजामाच्याच काळात जमिनी आणि जंगलावरच्या हक्कासाठी गोंडांनी उठाव केला. १९४० साली उठावाचा नेता कोमराम भीम मारला गेला. तेव्हा निजाम सरकारला जाग आली आणि गोंडांची दुखणी समजून घेण्याचे काम ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे गेले. त्यांनी १९४३ साली मारलवाई या गोंड खेड्यात शिक्षक-प्रशिक्षण केंद्र काढले. बाहेरचा गुरुजी पाठवला तर तो चार दिवसांत पळणार, हे त्यांनी ओळखले असावे. शिक्षक गोंडांतलेच तयार केले. पहिली वाचनपुस्तके गोंडी भाषेत आणि देवनागरीत छापलेली होती. गोंडांत जे थोडेफार साक्षर होते त्यांचे अक्षर मराठीचे, आणि गोंडीवरून मराठीकडे जाण्याची वाटही त्यातून सोपी होई. दरबाराची भाषा उर्दू असताना सरकारी पैशाने अशी पुस्तके निघाली, हे आज नवलाचे वाटते. उपकाराची भावना त्यामागे कितपत होती याबद्दल मला शंका आहे. उठावाची धास्ती नक्की होती.

१९५६ नंतर मारलवाई आंध्रात गेली, तिथे तेलुगू आली. किनवट-माहूर इकडे आले, त्यांच्या वाट्याला मराठी शाळा आणि पुढे आश्रमशाळा.

जाता जाता आणखी एक. इतिहासकार सेतुमाधवराव पगडी म्हटले की वाचकांना शिवकाळच आठवतो. निलंग्यात जन्मलेले हे गृहस्थ हैदराबाद संस्थानात अधिकारी होते, आदिलाबादच्या गोंडांमध्ये त्यांनी काम केले, त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि गोंडी भाषेचे व्याकरणही.