नाकापेक्षा मोती जड? : पिस्तुलावरील जोडभागांचा विचार

मुंबईच्या ससून गोदीवर १८९६ च्या ऑक्टोबर महिन्यात एक तरुण इंग्रज लष्करी अधिकारी उतरत होता. होडी लाटांवर वरखाली होत होती. धक्क्याच्या भिंतीतील लोखंडी कडी त्याने पकडली न पकडली तोच होडी खाली गेली आणि त्याचा उजवा खांदा निखळला. हा अधिकारी म्हणजे विन्स्टन चर्चिल. तो खांदा पुढे त्यांना वारंवार दगा देत राहिला. २ सप्टेंबर १८९८ रोजी सुदानमधील ऑमडुर्मानच्या लढाईत घोडदळाने चाल केली, तेव्हा तलवारीचा वार करताना खांदा पुन्हा निखळेल या धास्तीने चर्चिल यांनी तलवारीऐवजी जर्मन बनावटीचे माउझर पिस्तूल हाती घेतले.

या जातीच्या पिस्तुलात दहा काडतुसे मावत. त्याचे लाकडी म्यानही मोठे चतुराईचे होते. ते मुठीच्या मागे अडकविले की त्याचाच दस्ता होई आणि पिस्तूल बंदुकीप्रमाणे खांद्याला लावता येई. पायउतार झालेल्या माणसाला, दूरच्या निशाणावर, ही युक्ती खरोखरच उपयोगी पडे. परंतु एका हाती लगाम धरून शत्रूच्या गर्दीत घुसणाऱ्या स्वाराला दोन हातांचा हा दस्ता काय कामाचा? एकच जोडभाग एकाला वरदान, तर दुसऱ्याला निव्वळ ओझे! पिस्तुलाला मूळ रचनेखेरीज जे जे काही जोडले जाते, त्याची किंमत ठरविताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी उपस्थित होणारा नव्हे. भारतात पिस्तूल बाळगावयाचे तर १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवाना लागतो. अमेरिकेत मात्र लक्षावधी नागरिकांच्या घरी पिस्तुले आहेत, आणि त्यांना लावावयाच्या मुठी, दिवे, भिंगे व चाप यांचा एक स्वतंत्र बाजारच तेथे भरलेला आहे. पुष्कळदा असे होते की, पिस्तुलाला जेवढे पैसे पडले तेवढेच पुन्हा त्याच्या साजाला पडतात. हा खर्च सार्थकी लागतो काय?

प्रथम केवळ शोभेच्या गोष्टी घेऊ. अमेरिकन कारखानदार सॅम्युएल कोल्ट याने रशियाचा झार पहिला निकोलस आणि तुर्कस्तानचा सुलतान अब्दुल मजीद यांना सोन्याचे जडावकाम केलेली रिव्हॉल्वरे नजर केली होती. ती कोणी रणांगणावर न्यावीत अशी कोल्टची अपेक्षा नव्हती. दरबारात आपल्या मालाचे नाव व्हावे आणि सैन्याच्या मागण्या याव्यात, एवढाच त्यातील हेतू. म्हणजे ती शोभा पिस्तुलाच्या कामाची नसली तरी व्यापाराच्या कामाची होती. १८५१ च्या सुमारास निघालेल्या त्याच्या ‘नेव्ही’ रिव्हॉल्वरच्या फिरत्या चक्रावर टेक्सासच्या आरमाराने १८४३ साली केलेल्या लढाईचे चित्र उठविलेले असे. ते चित्र कोरणारा ऑर्म्सबी हा नोटांचे ठसे कोरण्यात वाकबगार होता. असल्या बारीक कामाची नक्कल करणे नकली माल काढणाऱ्यांना जड जाई.

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सेनापती जॉर्ज पॅटन यांच्या कमरेचे हस्तिदंती मुठीचे रिव्हॉल्वर असेच प्रसिद्धीस आले. सेनापतीचे काम पिस्तूल झाडण्याचे नसून सैन्य हलविण्याचे असते. शिपायांनी दुरून पाहताच आपला सेनापती ओळखावा, या दृष्टीने ती मूठ आपले काम चोख बजावीत होती. तीच गुळगुळीत मूठ एखाद्या पोलीस शिपायाच्या घामेजल्या हातात दिली, तर ती निसटण्याचे भय अधिक. शोभेला हरकत नाही; ती हाताच्या आड येता कामा नये, इतकेच. सोन्याची सुरी झाली म्हणून ती कोणी उरात खुपसून घेत नाही.

आता उपयोगाच्या म्हणून जोडल्या जाणाऱ्या भागांकडे वळू. १८४७ साली कोल्टने अमेरिकन सैन्यासाठी ‘वॉकर’ नावाचे साडेचार पौंड वजनाचे प्रचंड रिव्हॉल्वर तयार केले. त्याच्या नळीखाली गोळ्या ठासण्याचा एक दांडा असे. बार उडाला की त्याच्या धक्क्याने हा दांडा खाली घसरे आणि चक्र अडकून पडे. पुढचा बार उडणेच बंद होई. स्वार बिचारे चामड्याच्या वादीने तो दांडा नळीला बांधून ठेवीत. पुढच्या नमुन्यात दांड्याच्या टोकाला एक लहानशी खिटी बसविण्यात आली आणि ती पीडा मिटली. त्या खिटीत डोळ्यांत भरण्याजोगे काहीच नव्हते. पण तिच्यावाचून एखाद्या स्वाराचा जीव जाऊ शकत होता.

जॉन ब्राउनिंग याने रचलेले आणि १९११ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारलेले पिस्तूल या बाबतीत विशेष बोधप्रद आहे. घोडा बिथरला असता स्वाराला एकाच हाताने पिस्तूल निर्धोक करता यावे, अशी घोडदळाची निकड होती. म्हणून त्याला अंगठ्याने फिरविण्याची सुरक्षा-कळ देण्यात आली. पहिल्या महायुद्धात ते हजारो हातांत खेळले, तेव्हा त्यातील उणिवा कळून आल्या. लहान हाताच्या शिपायाचे बोट चापापर्यंत नीट पोहोचत नसे. अंगठा आणि तर्जनी यांमधील कातडी मागे येणाऱ्या घोड्यात चिमटे. बारीक माशी घाईत नजरेस पडत नसे. तेव्हा १९२० नंतरच्या दशकात चाप आखूड केला गेला, त्यामागील बाजू किंचित कोरून काढली गेली, मुठीच्या वरचे शेपूट लांबविले गेले, माशी रुंद झाली आणि मुठीच्या पाठीला बाक आला. पाचही फेरफार चिमुकले. पण प्रत्येकामागे कोणाच्या तरी हाताची किंवा डोळ्याची खरी अडचण उभी होती. ते पिस्तूल १९८५ पर्यंत अमेरिकन सैन्याचे अधिकृत पिस्तूल म्हणून टिकले, यात नवल नाही.

कधी कधी तर सुधारणा जोडण्यात नसून काढून टाकण्यात असते. खिशातून रिव्हॉल्वर घाईने उपसताना घोड्याचे टोक कपड्यात अडके. १८८७ पासून स्मिथ अँड वेसन या कारखान्याने घोडा आतल्या आत झाकून टाकलेले रिव्हॉल्वर काढले. अडकावयाला बाहेर काही उरलेच नाही.

याच्या उलट उदाहरण पाहावयाचे तर ते १८३७ साली पेटंट घेतलेल्या एल्जिनच्या पिस्तुलाचे. एकबारी पिस्तुलाच्या नळीखाली भलेमोठे सुऱ्याचे पाते! अमेरिकन आरमाराने विल्क्स याच्या सागरी सफरीसाठी अशी १५० हत्यारे विकत घेतली. पात्यामुळे पिस्तुलाचा तोल गेला आणि नळीमुळे सुरा अवजड झाला. हा मोह काही एकट्या अमेरिकेचा नव्हता. दोन्ही बाजूंना पिस्तुलाच्या नळ्या बसविलेल्या कट्यारी आपल्या देशातही घडविल्या गेल्या. कारागिरी म्हणून त्या अचंबा वाटण्याजोग्या आहेत. परंतु ‘नाकापेक्षा मोती जड’ ही म्हण त्यांना तंतोतंत लागू पडते.

आजचे जोडभाग विजेवर व रसायनांवर चालणारे आहेत. कसोटी मात्र तीच लावावयाची. साध्या पिस्तुलावर नेम धरताना मागची खाच, पुढची माशी आणि निशाण या तीन अंतरांवरच्या वस्तूंवर डोळ्याला झटापट करावी लागते, आणि चाळिशी उलटलेल्या माणसाला जवळची माशी अस्पष्ट दिसू लागते. नव्या भिंगात लाल ठिपका उमटतो. निशाणावरची दृष्टी न हलविता तो ठिपका तेथे नेला की झाले. फायदा निःसंशय मोठा आहे. त्याचबरोबर विजेची बॅटरी सांभाळावी लागते, भिंगावर पाऊस आणि धूळ बसते, आणि सरावावाचून घाईच्या क्षणी ठिपका सापडतच नाही. अंधारात चमकणाऱ्या माशीतील ट्रिशियमचे तेज सुमारे १२.३ वर्षांत निम्म्यावर येते. नळीच्या तोंडाशी वर छिद्रे पाडली की सुटणारा वायू नळीला खाली दाबतो आणि धक्का कमी जाणवतो. पण रात्री त्याच छिद्रांतून निघणारी ज्वाळा डोळ्यांपुढे लखकन चमकते. पिस्तुलाखालचा दिवा समोर चोर आहे की घरचेच मूल आहे, हे दाखवून देतो, हा त्याचा फार मोठा गुण. तथापि त्याचा कंदिलासारखा उपयोग करू गेल्यास जेथे उजेड तेथे नळीचे तोंडही वळते, हा तितकाच मोठा दोष.

सर्वांत नाजूक प्रकरण चापाचे. चाप हलका केला तर नेम चांगला लागतो, पण नकळत बार उडण्याचा संभव वाढतो. न्यूयॉर्क शहराच्या पोलीस खात्याने या भीतीने उलट उपाय योजला. ज्या ग्लॉक पिस्तुलाचा चाप साधारणतः साडेपाच पौंडांच्या दाबाने सुटतो, तो बारा पौंडांचा करून घेतला. २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट इमारतीसमोर एका खुनी इसमावर दोन पोलिसांनी १६ गोळ्या झाडल्या. तो ठार झाला. परंतु नऊ वाटसरू पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी जखमी झाले. तेव्हा जड चापामुळे नळी हलते आणि नेम चुकतो, असा आक्षेप अनेकांनी घेतला. गर्दी, भय आणि सरावाची उणीव यांचा वाटा वेगळा काढून दाखविणे कठीण आहे. तरी सुरक्षिततेसाठी केलेल्या फेरफाराचीही किंमत कोणाला तरी मोजावी लागते, ही गोष्ट त्या रस्त्यावर स्पष्ट झाली. चापावर बोट केव्हा ठेवावे आणि केव्हा ठेवू नये, ही शिस्त कोणत्याही स्प्रिंगमध्ये भरून विकत मिळत नाही.

म्हणून जोडभाग घेणाऱ्याने दुकानाच्या फळीकडे पाहण्यापूर्वी आपल्या हाताकडे पाहावे. आहे त्या पिस्तुलाने काही शेकडा काडतुसे सरावात झाडली म्हणजे बोट पोहोचत नाही, मूठ निसटते, माशी दिसत नाही, यांपैकी खरी अडचण कोणती ते आपोआप कळते. त्या एका अडचणीवरचा उपाय पैसे टाकून घेण्यास प्रत्यवाय नाही. बाकीचा साज हौसेचा. तो हौस म्हणूनच घ्यावा, त्यावर जिवाचा भरवसा ठेवू नये. वॉकरच्या दांड्याला खिटी हवी हे कारखानदाराला कळण्यापूर्वीच स्वारांनी तेथे वादी बांधली होती. जेथे अशी वादी आधीच बांधली गेली आहे, तेथेच खिटी बसविणे शहाणपणाचे.