माणगावचा यशवंत आपला कोण?

सिडकोने वसविलेल्या करंजाड्यातील कित्येक कुटुंबांचे मूळ गाव दुसरेच आहे. कोणी घाटावरून आले, कोणी मुंबईच्या चाळीतून, तर कोणाला विमानतळापायी घर सोडावे लागले. पत्त्यात 'जिल्हा रायगड' असे लिहिताना या जिल्ह्याशी आपले नाते काय, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. येथून जवळच पळस्प्याला गोव्याचा रस्ता सुरू होतो. तो ज्या माणगावावरून जातो, त्या तालुक्यातील पळसगावात १६ नोव्हेंबर १९२१ रोजी यशवंत घाडगे जन्मले.

१० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फंट्रीची एक कंपनी जर्मन ठाण्यावर चालून गेली. नाईक घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सारे जवान ठार वा जखमी झाले. ते एकटेच पुढे धावले. हातबॉम्ब फेकून त्यांनी मशिनगन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपले आणि पुन्हा गोळ्या भरण्यास उसंत नाही असे पाहून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना ठार केले. त्याच वेळी शत्रूच्या नेमबाजांनी त्यांचा वेध घेतला. तेविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर.

ही लढाई इंग्रजांची, तिचे कौतुक आपण का करावे, असे कोणी विचारील. 'छोडो भारत'च्या लढ्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. प्रश्न रास्त आहे. परंतु साम्राज्याचा गौरव करणे वेगळे आणि सोबती पडल्यावर माघार न घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलखातील तरुणाची आठवण ठेवणे वेगळे. शिवाय ज्या नाझी सत्तेविरुद्ध तो लढला, तिचा पराभव साऱ्या मानवजातीच्या हिताचा होता.

माणगावात त्यांचा पुतळा आहे. इटलीतील मोंतोने गावाने २०२३ मध्ये, तब्बल ७९ वर्षांनी, त्यांच्या नावे सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. ज्यांच्या भूमीवर त्यांचे रक्त सांडले ते परके स्मरण ठेवतात. ज्यांच्या जिल्ह्यात ते जन्मले त्यांनी विसरावे काय? येत्या १० जुलैला करंजाड्यातील शिक्षकांनी वर्गात पाच मिनिटे ही हकीकत सांगावी. नव्या गावी घर विकत घेता येते. तेथले पूर्वज मात्र आपलेसे करावे लागतात.