आपला उजेड बरोबर नेणारं यंत्र

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर घामाने निथळत उभे असलात, तरी डोक्यावर 17 किलोमीटरवरची हवा उणे 80 अंशांच्या आसपास असते. त्याच्या वर मात्र ओझोन ऊन शोषतो आणि हवा पुन्हा उबदार होऊ लागते. ध्रुवावर हिवाळ्यात ऊनच नसतं. तिथे 15 ते 25 किलोमीटरचा थर उणे 78 च्या खाली उतरतो आणि एरवी कोरड्या ठणठणीत स्थितांबरात ढग धरतात.

या ढगांच्या कणांवर निरुपद्रवी संयुगांतला क्लोरीन मोकळा होतो आणि वसंतात ऊन आलं की ओझोन फस्त करतो. सगळी तयारी काळोखात. निम्बस-7 उपग्रहावरचं 1978 चं सॅम-2 हे यंत्र क्षितिजावरच्या सूर्याकडे बघून ढग हेरायचं. जिथे सूर्य उगवतच नाही तिथे त्याचा इलाज नव्हता.

नासा आणि फ्रान्सच्या कॅलिप्सो उपग्रहाने 28 एप्रिल 2006 ला जाताना उजेडच बरोबर नेला. त्याच्या कॅलिऑप यंत्राचा लेसर सेकंदाला 20 वेळा खाली चमके आणि 1 मीटरची दुर्बीण परतलेला प्रकाश टिपे. मला यातली करामत वाटते ती पुढची. लेसरच्या हिरव्या प्रकाशाची कंपनं एकाच प्रतलात असतात. गोल थेंबावरून तो तसाच परततो, स्फटिकावरून आला की प्रतल बिघडलेलं असतं. यावरून आणि किती प्रकाश परतला त्यावरून आम्लाचे थेंब कुठले, नायट्रिक आम्लाचे स्फटिक कुठले आणि निव्वळ बर्फ कुठला, हे 700 किलोमीटरवरून कळे. उणीव एकच: 82 अंशांपलीकडे, ऐन ध्रुवावर, त्याची कक्षा जात नसे.

अंटार्क्टिकावरचं आपलं मैत्री केंद्र 70 अंशांवर, म्हणजे त्याच्या टप्प्यात. तिथून हवामान खात्याने ओझोन मोजणारे फुगे सोडले. फुग्यांवरच्या उपकरणाचं घराणं पुण्याचं, हवामानशास्त्रज्ञ ॲना मणींनी साठच्या दशकात घडवलेलं. मैत्रीचा कारभार चालतो आपल्या शेजारच्या वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून. फुगा एका जागचा ओझोन सांगतो, लेसर अख्ख्या पट्ट्यातले ढग. एकावाचून दुसरा अर्धाच.

कॅलिप्सो 1 ऑगस्ट 2023 ला थांबला. मे 2024 पासून युरोप-जपानचा अर्थकेअर उपग्रह लेसर घेऊन वर आहे. कॅलिप्सोच्या 17 वर्षांच्या नोंदी नासाने सर्वांना फुकट खुल्या ठेवल्या आहेत. सिंधुदुर्गातल्या कॉलेजांत भौतिकशास्त्र शिकणाऱ्या पोरांनी अंटार्क्टिकावरची जुलैतली एखादी रात्र उघडून बघावीच.